मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को नेमकं किती किलोमीटर? घरात दोन तट पडलेत

जुळेसोलापूर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. लेकीला पुढच्या महिन्यात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. सोलापूर ते मुंबईचं आम्ही बघून घेऊ, तो प्रश्न नाही. जेवताना मेहुण्यांनी सहज विचारलं, "विमानाने एकूण किती किलोमीटर पडतंय हो?" आणि तिथून वाद सुरू झाला.

एका साइटवर साधारण १३,५२० दाखवतंय. दुसरीवर ८,४००. तिसरीवर ७,३००. चौथीवर मागच्या आठवड्यात गेलेल्या विमानाचा माग दिसतो, तिथला आकडा चौदा हजाराच्याही पुढे. मेहुणे म्हणायलेत, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावून हिशेब केला तर एकोणीस हजाराच्या वर जातंय, म्हणजे सगळ्या साइट खोट्या.

मी आयुष्यभर यंत्रमाग कारखान्यांच्या वह्या लिहिल्या. एका मालाचे पाच भाव दिसले की मला झोप येत नाही. हे अंतर मोजतात तरी कसं? सूत्र सांगितलं तरी चालेल, अकरावीपर्यंत गणित होतं.

पार्कचौक | रात्री ९.२२

मालक, सोलापूरकराला अंतर तासांत सांगायचं असतं. "पुणं किती लांब?" "चार तास." विषय संपला.

एक्सेलवाला | रात्री ९.३१

काका, पाचातले तीन भाव एकच आहेत, फक्त मापं वेगळी. १३,५२० किलोमीटर, ८,४०० मैल आणि ७,३०० सागरी मैल. साधा मैल १.६०९ किमीचा, सागरी मैल १.८५२ किमीचा. गुणून बघा, तिन्ही एकाच जागी येतात. विमानवाले आणि जहाजवाले सागरी मैलच वापरतात, आणि पुष्कळ साइट आकड्यापुढे एकक लिहायचे कष्ट घेत नाहीत.

राहिले दोन. विमानाच्या मागाचे चौदा हजार आणि मेहुण्यांचे एकोणीस हजार. त्यांच्यावर इथले जाणते बोलतील.

गणिताच्याबाई | रात्री १०.०५

जुळेसोलापूर, मेहुण्यांची पट्टी चुकलेली नाही, नकाशा सपाट आहे. चेंडूची साल काढून टेबलावर दाबून बसवायची तर ती कुठेतरी फाटणार नाहीतर ताणली जाणार. जगाचा नकाशा करताना ती ताणतात, आणि ताण उत्तर-दक्षिण टोकांकडे वाढत जातो. शिवाय आपल्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते, त्यामुळे पट्टी अटलांटिकवरून जाते. तो लांबचा फेरा आहे.

आधी जवळचं उदाहरण घेऊ. सोलापूर विमानतळ साधारण १७.६३ उत्तर, ७५.९३ पूर्व. मुंबईचं १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशांतला फरक १.४६ अंश. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११.२ किमी, म्हणजे १६२ किमी. रेखांशांतला फरक ३.०६ अंश. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येतात, म्हणून तिथे १११.२ ला अक्षांशाच्या कॉसने गुणायचं. आपल्याकडे एक अंश साधारण १०५.५ किमी भरतो, म्हणजे ३२३ किमी. आता पायथागोरस लावा. उत्तर ३६१ किमी. रेल्वेने हेच अंतर साडेचारशेच्या वर आहे, कारण रूळ दौंड, पुणे, घाट असे फिरून जातात.

हीच युक्ती सॅन फ्रान्सिस्कोला लावली की काय होतं बघा. ते आहे ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. पश्चिमेकडून मोजलं तर रेखांशांतला फरक १९५.२५ अंश. मधल्या अक्षांशावर एक अंश सुमारे ९८ किमी. पायथागोरस केल्यावर येतात १९,२०० किमी. म्हणजे मेहुण्यांचा आकडा! त्यांनी हिशेब नीट केला, पण तीनशे-चारशे किलोमीटरपुरतं चालणारं साधन अर्ध्या पृथ्वीला लावलं.

आता खरं सूत्र. चेंडूवरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा तुकडा. बृहद्वृत्त म्हणजे ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यावरच असतो असं वर्तुळ. विषुववृत्त तसं आहे, सगळी रेखावृत्तं तशी आहेत. विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्तं तशी नाहीत. दोन गावांमध्ये या वर्तुळाचा किती अंशांचा कोन आहे तेवढंच काढायचं.

कॉस(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × कॉस(रेखांशांतला फरक)

रेखांशांतला फरक १९५.२५ आला, तो १८० च्या वर आहे. ३६० मधून वजा करा, १६४.७५. (कॉसला दोन्ही सारखेच, पण जवळचा रस्ता कुठल्या बाजूने हे त्यातून कळतं.)

पहिला भाग: ०.३२७१ × ०.६१०४ = ०.१९९६.
दुसरा भाग: ०.९४५० × ०.७९२१ × (−०.९६४८) = −०.७२२२.
बेरीज सुमारे −०.५२२५. ज्याचा कॉस एवढा, तो कोन १२१.५ अंश. त्याला १११.१९५ ने गुणलं की १३,५१० किमी.

पडताळा हवा असेल तर सूत्राशिवाय करता येतो. मुंबईहून सरळ उत्तर ध्रुवापर्यंत ९० उणे १९.०९, म्हणजे ७०.९१ अंश. ध्रुवावरून खाली सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ५२.३८ अंश. एकूण १२३.२९ अंश, म्हणजे १३,७०९ किमी. ध्रुवाला शिवून गेलं तरी चौदा हजाराच्या आत! मग जवळची वाट याहून मोठी कशी असेल? एकोणीस हजार तिथेच बाद होतात.

जुळेसोलापूर | रात्री १०.४०

बाई, साष्टांग. पडताळा मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते गप्प बसले. मग म्हणाले, "पण अमेरिका पश्चिमेला आहे ना? मग उत्तर ध्रुव कुठून आला?"

शेंगाचटणी | रात्री १०.४४

मेहुणे रॉक्स. पुढे वाचायलोय.

गणिताच्याबाई | रात्री १०.५८

मेहुण्यांना सांगा, मुंबईहून निघताना या वाटेचं तोंड उत्तरेकडे असतं, तेही जरासं पूर्वेला कललेलं, साधारण १४ अंश. राजस्थान, लडाख, मग मध्य आशिया, सायबेरिया. सर्वांत वर ती ७६.६ उत्तर अक्षांशापर्यंत चढते, सायबेरियाच्याही उत्तरेला, न्यू सायबेरियन बेटांच्या अंगाने. तिथून अलास्काकडे उतरून पॅसिफिकच्या किनाऱ्याने खाली. अटलांटिक कुठेच लागत नाही.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा. सोलापुरात दोऱ्याला काय तोटा! तीस सेंटीमीटर व्यासाचा गोल असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किमी.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ७.१५

जमीन मोजणीत नोकरी गेली, त्यामुळे राहवत नाही. बाईंचं १३,५१० आणि साइटचं १३,५२० यांत फरक का, ते कोणी विचारलं नाही.

बाईंनी पृथ्वी पूर्ण गोल धरली, त्रिज्या ६,३७१ किमी. प्रत्यक्षात ती ध्रुवांवर चेपलेली आहे. आज जीपीएस ज्या मापावर चालतं त्यात विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८.१३७ किमी आणि ध्रुवाची ६,३५६.७५२. फरक २१ किलोमीटरचा. भारताची मोजणी सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर, म्हणजे चेपलेल्या पृथ्वीच्या त्याने धरलेल्या मापावर, उभी होती. आमच्या जुन्या नकाशांचे अक्षांश-रेखांश जीपीएसशी थेट जुळत नाहीत ते म्हणूनच, गावोगाव भांडणं लागतात त्याचं हेही एक कारण.

लंबगोलावर अंतर काढायला विन्सेंटी नावाच्या मोजणीतज्ज्ञाने १९७५ मध्ये पद्धत दिली. उत्तर मिलिमीटरपर्यंत बरोबर येतं. फक्त दोन ठिकाणं पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या टोकांना असली की ती पद्धत गरगरत राहते, उत्तरावर येत नाही. ती अडचण चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये सोडवली. आज चांगल्या साइट यांपैकीच काहीतरी वापरतात.

गोल आणि लंबगोल यांत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोला तो पंधरा-वीस किलोमीटर आहे. लेकीला पोचवायला काही फरक पडत नाही, पण वहीत का जुळेना याचं उत्तर एवढंच.

पार्कचौक | सकाळी ८.३०

आणि विमान जमिनीवरून थोडंच जातंय? ते अकरा किलोमीटर वर असतंय की ओ. वरचं वर्तुळ मोठं. ते धरलं का?

एक्सेलवाला | सकाळी ८.४१

प्रश्न झकास आहे, पण उत्तर निराश करणारं. त्रिज्या ६,३७१ ची ६,३८२ झाली. वाढ ०.१७ टक्के. १३,५१० वर तेवीस किलोमीटर. पुण्यात स्वारगेटहून हिंजवडी गाठताना जातात त्याहून थोडे जास्त.

धावपट्टी | सकाळी ९.२०

विमान कंपनीच्या उड्डाण नियोजनात होतो, आता हैदराबाद सोडून सोलापुरात स्थायिक. आतापर्यंत जे चाललंय ते दोन विमानतळांमधलं अंतर. धागाकर्त्यांचा चौथा आकडा, चौदा हजाराच्या पुढचा, हा विमानाने कापलेला रस्ता. दोन्ही खरे. पहिला भूमितीचा आहे, तो कधी बदलत नाही. दुसरा रोज बदलतो.

आणि हो, पहिला आकडा मोजतात तो प्रत्येक विमानतळाच्या एका ठरलेल्या संदर्भबिंदूपासून, साधारण धावपट्ट्यांच्या मध्यावरच्या. टर्मिनलच्या दारापासून नाही.

आता रस्ता का वाढतो. बाईंनी सांगितलेली वाट लडाखवरून तिबेटच्या पश्चिम कडेला लागून जाते. नकाशावर छान दिसते. पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपास पुरतो. खाली डोंगरच पंधरा-वीस हजार फुटांचे असतील तर उतरणार कुठे? म्हणून त्या भागातून जायचं तर सुटकेच्या वाटा आधी आखाव्या लागतात, आणि बहुतेक विमानं तो भाग टाळतात.

दुसरं, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ सतत हाताशी लागतो. आर्क्टिकवर असे विमानतळ मोजकेच. तिथे थंडीचाही प्रश्न आहे. अमेरिकेत भरतात ते जेट ए इंधन उणे ४० अंशांना गोठायला लागतं, आपल्याकडचं जेट ए-१ उणे ४७ ला. ध्रुवाकडे बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. मग विमान खाली आणा, वेग वाढवा किंवा वाट बदला.

तिसरं कारण माणसांचं. आकाश देशांचं असतं. २०२२ पासून रशियाने अमेरिकी कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना गुजरात-अरबी समुद्राकडून वळसा पडू लागला. विमानतळ जागचे हलले नाहीत, अंतर तेच, तास वाढले.

शेंगाचटणी | सकाळी ९.३५

आकाशाचं सोडा, सोलापूरच्या विमानासाठी आधी एक चिमणी...

पार्कचौक | सकाळी ९.३६

झालं! आता दोनशे प्रतिसाद.

मोजपट्टी | सकाळी ९.५०

विमानाच्या वाटेतली ती साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पडली, विषयही पडू द्या. त्याचा वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. इथे अंतराचं चाललंय.

जुळेसोलापूर | सकाळी १०.१०

धावपट्टी सर, मग जवळची वाट सोडून लांबची घेतात, म्हणजे प्रत्येक वेळी नाइलाजच असतो का?

धावपट्टी | सकाळी १०.३४

नाही, आणि यातच खरी मजा आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप-अटलांटिककडून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे १,४०० किमीने वाढला आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला.

कारण वारा. मधल्या अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. हिवाळ्यात जपानच्या बाजूला त्यांचा वेग तासाला दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा हवेतला वेग समजा तासाला नऊशे. पाठीमागून शंभरचा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशेबाने हजार, समोरून आला तर आठशे. पंधरा तासांच्या प्रवासात हा फरक किती होतो बघा. आम्ही जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर असे दोन आकडे लिहायचो. इंधन भरायचं ते दुसऱ्यावरून.

त्यामुळे नियोजनात जवळच्या वाटेपेक्षा कमी वेळाची, कमी इंधनाची वाट शोधतात. बृहद्वृत्त फक्त सुरुवातीची खडूची आखणी.

होटगीची | सकाळी ११.०२

ध्रुवावरून खरंच कोणी गेलंय का? की नुसतं गणित?

धावपट्टी | सकाळी ११.१५

गेलेत की. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू ही सेवा सुरू झाली तेव्हा पहिलं विमान उत्तर ध्रुवावरून आणलं होतं आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या. त्या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर १४,००० किमीच्या आसपास. बाईंच्या सूत्रात १३.२० उत्तर, ७७.७१ पूर्व घालून बघा.

विजापूरवेस | दुपारी १२.२०

आमच्याकडे हे गणित रोजचं आहे. किब्ल्याची, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा म्हणजे मक्केकडे जाणाऱ्या याच वर्तुळाची सुरुवातीची दिशा. सोलापूर १७.६३, मक्का २१.४२ उत्तर, ३९.८३ पूर्व. सपाट नकाशावर रेघ मारली तर ती पश्चिमेपासून उत्तरेला सहा-सात अंश कललेली दिसते. गोलावर काढली तर बारा अंशांच्या वर. दुप्पट! अल-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी हा विषय घेऊन शहरांचे अक्षांश-रेखांश काढले, त्यासाठी लागणारी गोलावरची त्रिकोणमिती लिहिली. माझ्या फोनमधलं होकायंत्राचं ॲप आत तेच करतं.

गणिताच्याबाई | दुपारी १२.५०

विजापूरवेस, फार छान जोड दिलीत. तुमचे बारा अंश ताडून बघितले, १२.४ येतात.

यावरून आठवलं. आर्यभटाच्या ‘ज्या’च्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरली आहे. का? परिघाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला, म्हणजे एकूण २१,६०० कला. परीघ २१,६०० असेल तर त्रिज्या २१,६०० भागिले २π, म्हणजे ३४३७.७५. आणि सागरी मैल कशावरून ठरला? पृथ्वीच्या परिघाच्या एका कलेवरून. म्हणून पृथ्वीची त्रिज्या सागरी मैलांत काढली तर सुमारे ३४४० येते, आर्यभटाच्या आकड्याला अगदी खेटून. वैमानिकांच्या पुस्तकात हाच आकडा असतो. आर्यभटाला सागरी मैल माहीत होता असं कोणी लगेच फॉरवर्ड करू नका! दोघांनी वर्तुळाचे २१,६०० भाग केले, म्हणून आकडा एक.

याचा फायदा असा की कोन अंशांत मिळाला की त्याला थेट ६० ने गुणा. १२१.५ × ६० = ७,२९० सागरी मैल. धागाकर्त्यांचा तिसरा भाव जवळपास आला.

पार्कचौक | दुपारी १.०५

बाईंनी फॉरवर्डवाल्यांना आधीच बांधून टाकलं.

तिऱ्हेवाला | दुपारी २.३०

मी एक्सेलमध्ये केलं. सोलापूर-मुंबई ३७१ येतंय, बाईंचं ३६१. कुठे गडबड? अक्षांश-रेखांश विकिपीडियावरूनच घेतलेत.

एक्सेलवाला | दुपारी २.४१

विकिपीडियावर ते अंश आणि मिनिटांत असतात. सोलापूर १७ अंश ३८ मिनिटं. तुम्ही १७.३८ लिहिलंत ना? मिनिटांना ६० ने भागायचं. ३८ भागिले ६० म्हणजे ०.६३, म्हणून १७.६३. चारही आकड्यांत तेच झालं असणार, मी करून बघितलं, बरोबर ३७१ येतात. हा घोळ वाईट, कारण उत्तर वेडंवाकडं येत नाही, दहा किलोमीटरनेच हुकतं आणि कोणाला संशय येत नाही.

बाकी एक्सेलमध्ये पाळायचं ते असं. साइन-कॉसला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात, तेव्हा आधी ते रूपांतर करा. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहा. शेवटचा कोन रेडियनमध्ये असतो, त्याला १११ ने नाही, ६,३७१ ने गुणा.

आणि एक. बाईंचं सूत्र लांबच्या अंतराला उत्तम, पण दोन ठिकाणं अगदी जवळ असली, समजा एकाच गावात, तर कॉसची किंमत एकच्या इतकी जवळ जाते की शेवटचे अंक गळतात. त्यासाठी हॅव्हरसाइन वापरतात. दोन्ही फरकांच्या अर्ध्याच्या साइनचा वर्ग घेऊन ते काम करतं. जहाजवाल्यांसाठी त्याची कोष्टकं होती. हे नाव जेम्स इनमन या इंग्रज गणितज्ञाने १८३५ मध्ये रूढ केलं. कॅल्क्युलेटर नसताना लॉगॅरिथमने गुणाकार करायचे, तेव्हा उणे संख्या आली की पंचाईत. हॅव्हरसाइन कधी उणे होत नाही, म्हणून त्यांना ते सोयीचं. आज संगणक ते वेगळ्या कारणाने वापरतो.

होटगीची | दुपारी ३.१५

पण या सरळ अंतराचा उपयोग काय, विमान त्यावरून जातच नाही तर? प्रामाणिक प्रश्न.

धावपट्टी | दुपारी ३.४०

पैशाला उपयोग आहे. युरोपातून सुटणारं विमान रद्द झालं किंवा फार उशिरा पोचलं तर भरपाई २५०, ४०० की ६०० युरो, हे अंतरावरून ठरतं. १,५०० आणि ३,५०० किमी या सीमा. आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय, म्हणजे वैमानिकाने कुठून वळसा घेतला यावर कोणी वाद घालू शकत नाही. आपल्याकडे विमान रद्द झाल्यावरची भरपाई अंतरावर नाही, प्रवासाच्या ठरलेल्या वेळेवर आहे.

कार्बनचा हिशेबही यावरच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत सरळ अंतर घेतात आणि वळशांसाठी त्यात भर घालतात. ५५० किमीच्या आत ५० किमी, ५,५०० पर्यंत १००, त्यावर १२५. सोलापूर-मुंबईचे ३६१ धरायचे तर हिशेबात ४११. बघा, छोट्या उड्डाणाला वळसा केवढा महाग पडतो. उतरण्यासाठी मुंबईवर घिरट्या घातल्या की त्याहून जास्त.

शेंगाचटणी | दुपारी ४.२०

बरं, आता माझा प्रश्न. सोलापूरपासून सर्वांत लांबचं विमानतळ कुठलं? सासूबाईंना तिकीट काढून द्यायचंय.

मोजपट्टी | दुपारी ४.५५

सासूबाईंना धागा दाखवू नका.

पृथ्वीच्या आरपार, सोलापूरच्या बरोबर पाठीमागचा बिंदू १७.६३ दक्षिण, १०४.०७ पश्चिम. पॅसिफिकचं उघडं पाणी, आसपास जमीन नाही. तिथून सर्वांत जवळचं विमानतळ ईस्टर बेटाचं, मातावेरी, साधारण १,१९० किमीवर. पृथ्वीचा अर्धा परीघ २०,०१५ किमी. त्यातून ते वजा केले की सोलापूर ते ईस्टर बेट सुमारे १८,८२० किमी. चिलीच्या या बेटावरची धावपट्टी एवढ्याशा वस्तीच्या मानाने फार लांब आहे, कारण १९८० च्या दशकात नासाने अवकाशयानाच्या आणीबाणीच्या उतरणीसाठी ती वाढवून घेतली.

एक्सेलवाला | सायंकाळी ५.०५

एवढ्या लांबच्या जोडीत आणखी एक गंमत. पाठीमागचा बिंदू अगदी बरोबर असता तर कुठल्याही दिशेने निघा, अंतर सारखंच पडलं असतं. त्यामुळे त्याच्या जवळपासच्या ठिकाणाला विमान थोडं इकडे-तिकडे वळलं तरी लांबी फारशी बदलत नाही. मोजपट्टी म्हणाले ती विन्सेंटीची पद्धत तिथेच अडखळते.

जुळेसोलापूर | रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. पुतण्याचा पृथ्वीगोल आणला. मेहुण्यांनी स्वतः कारखान्यातला चादरीचा दोरा लावला. बत्तीस सेंटीमीटरला जरा कमी. गुणून साडेतेरा हजार. दोरा लडाखवरून जातोय हेही त्यांनीच दाखवलं.

वहीत आता असं लिहिलंय. विमानतळ ते विमानतळ: १३,५१०, गोल धरून. लंबगोल धरून पंधरा-वीस जास्त. प्रत्यक्ष रस्ता: त्या दिवशी विमान जाईल तसा.

लेक म्हणते, मुंबई-दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को असं तिकीट स्वस्त मिळतंय. मग दोन टप्प्यांचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करायची ना? दिल्लीचे अक्षांश-रेखांश दशांशात कोणी देईल का?

एक्सेलवाला | रात्री ८.३८

हो, टप्पे वेगवेगळे. दिल्ली २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. दिल्ली जवळपास त्याच वाटेवर आहे, बेरीज फार वाढणार नाही. स्वतः काढा आणि इथे टाका, मी तपासतो.